न पडलेली साखळी

अण्णा,

दादाला सायकल घ्यायची आहे. साधी नाय, वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोड बाईक. कॉलेजात होता तेव्हा तुमची सायकल पळवायचा, त्यानंतर वीस-बावीस वर्षं त्यानं पायडलवर पाय ठेवला नाय. आता उस्मानपुऱ्यातली त्याच्या वयाची चार माणसं सकाळी दौलताबादच्या घाटाकडं जातात, त्यांचं बघून ह्याला हुरूप आला. मी इथं कोइमतूरला सायकलच्या दुकानात फिटर आहे, हे तुम्हाला कुठून माहीत असणार. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून माझं कुठं बूड टिकलं नाय, पुणं झालं, सुरत झालं, पण इथं तीन वर्षं निघाली. म्हणून दादा सल्ला मलाच विचारतो. त्याला ती शर्यतीची पाहिजे, जिच्यावर माणूस निम्मा आडवा होतो. मी म्हणलं, "दादा, पोट गुडघ्याला लागंल." "तू पोटाचं नको सांगू, सायकलचं सांग." मी सांगतो, हँडल जरा उंच असलेली घे, टायर थोडा जाड, मागची चकती मोठी, म्हणजे चढाला पाय हलका पडतो. तर म्हणतो, "मला म्हातारा समजतो का रे बारक्या? दूधवाल्याची सायकल देतो का?" मागून वहिनी ओरडते, "कॅरिअर लावून द्या भावजी, दळण तरी आणतील!" असं पंधरा दिवस चाललं. शेवटी वहिनीनं त्याला भिंतीला टेकवून पायाचं माप घेतलं आणि माझ्या मनासारखी, उंच हँडलची ठरली, मी इथून पाठवायची.

मग एका सकाळी तो मित्राची सायकल मागून घाटात गेला. घरी येऊन फोन केला, "मस्त झालं रे. चढावर दोनदा साखळी पडली, म्हणून थांबावं लागलं." सोबत फोटो पाठवला. रस्त्याच्या कडेला दगडावर बसलाय, दोन्ही हातांत चहाचा पेला. मी फोटो मोठा करून बघितला. बोटं स्वच्छ. साखळी चढवली की काळं वंगण नखात दोन दिवस राहतं, माझ्या तर कायमचंच आहे. माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

मी आठ-नऊ वर्षांचा, तुमच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसलोय. मागं पाव-खारीचा पेटारा. पुलाच्या चढावर तुम्ही मधेच उतरता, "साखळी पडली" म्हणता आणि चाकापाशी उकिडवे बसता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय. मी वाकून बघतो. "अण्णा, साखळी तर नीट हाय." तुम्ही कधी हात न उचलणारे, त्या दिवशी माझा कान पिळला. "लई शहाणा झाला का? घरी बोलायचं नाय." मग पेटाऱ्यातून क्रीमरोल काढून दिला. मी खाल्ला आणि आईला बोललो नाय. पुढं दर दोन-चार दिवसांनी साखळी पडायची, क्रीमरोल मिळायचा. तुम्ही गेल्यावर आई स्वयंपाकघरात बसून येईल त्याला सांगायची, "धडधाकट होते, काय झालं कळलंच नाय." मी तिच्या शेजारी बसलेला असायचो.

दोन-तीन वर्षांत दादा तुम्ही गेलात त्या वयाचा होईल.

म्हणून मी त्याला खोटं सांगितलं, तुझ्या मापाची फ्रेम संपली, महिना लागंल. वाटलं, तेवढ्यात हुरूप उतरेल. तर म्हणाला, "मग राहू दे, मित्र त्याची विकतोय, तीच घेतो. रविवारी आम्ही सिल्लोडवरून फर्दापूरला चाललो." फर्दापूर म्हणजे शंभर किलोमीटर. दोन दिवस वहिनीचा नंबर काढायचो आणि फोन खिशात ठेवायचो. शुक्रवारी दुपारी लावला. म्हणलं, "वहिनी, दादाची साखळी पडली नव्हती." ती हळू म्हणाली, "जिन्यात पण थांबतात. मला म्हणतात, चप्पल सटकली."

शनिवारीच तिनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सायकल, जिना, सगळं बंद सांगितलंय, मोठी तपासणी येत्या गुरुवारी आहे. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. "बायकोचा हेर झाला का तू? तुझ्याकडून सायकल काय, हवा पण नाय भरणार मी." आणि ठेवून दिला. वहिनी म्हणते, होतील शांत. नऊ दिवस झाले. दुकानात फोन वाजला की मी हातातलं टाकून धावतो, काल एका गिऱ्हाइकाचा स्पोक त्यात मोडला.

हे कुठं पाठवायचं नाय, म्हणून एक खरं लिहितो. वहिनीला फोन केला तो सगळा दादासाठी नव्हता. तुम्ही गेल्यापासून मी नुसता पळतोय, पण कुठंबी असलो तरी "जेवला का रे?" विचारणारा एकच फोन येतो. तो बंद पडंल म्हणून मी घाबरलो. आणि आता तो मीच बंद पाडलाय.