काटा गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे

मी, ऑरिन विल्यम स्टॉफर, वय वर्षे शहात्तर, राहणार ओहायो राज्यातील बेल्डन गाव, एल्म रस्ता, घर क्रमांक सतरा, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सर्व काही माझी पत्नी लुसील हिला दिले होते. ती गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला वारली.

वकिलांनी मला सांगितले की मृत्युपत्रात फक्त कोणाला काय ते लिहावे, का ते लिहू नये. मी आयुष्यभर कमी बोललो आहे. तेव्हा एवढे एकदा लिहू द्यावे.

कलम पहिले. माझे दफन लुसीलच्या शेजारी व्हावे. दगडावर माझे नाव व जन्मसाल आधीच कोरलेले आहे, दुसरे साल तेवढे भरायचे आहे. त्याचे पैसे दिलेले आहेत. पाद्रीबाबांनी थोडक्यात आटोपावे.

कलम दुसरे. माझे राहते घर, मागच्या अंगणासह व गॅरेजसह, मी माझी मुलगी कोरीन हिला एकटीला देतो. घरावर कोणतेही कर्ज नाही. कधीच नव्हते. मी व लुसीलने अकरा वर्षे तिच्या आईच्या वरच्या खोलीत राहून पैसे साठवले आणि घर रोखीने घेतले. याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानाबद्दल पुढे लिहिले आहे.

माझा मुलगा रसेल याला घरात वाटा नाही. तो विचारील, म्हणून कारण देतो.

मी चौतीस वर्षे या काउंटीत वजनमापे निरीक्षक होतो. किराणा दुकानांचे काटे, पेट्रोलपंप, धान्याच्या गोदामातले ट्रक तोलायचे मोठे काटे, सगळे तपासत असे. जो काटा खोटा निघे त्याला लाल चिठ्ठी लावून बंद करत असे. काटा खरा कशावरून, याचे नियम फार नाहीत. एक, आकडा दुकानदाराला दिसतो तसा गिऱ्हाइकालाही दिसला पाहिजे. दोन, बाहेरून कोणीतरी आपली वजने घेऊन येऊन तो वर्षातून एकदा तपासला पाहिजे. तीन, जे तोलायला काटा केला आहे तेच त्याने तोलावे. मांसाचा काटा मांसाचे वजन सांगतो, खाटकाची नियत सांगत नाही.

आता लुसीलच्या शेवटच्या आजाराबद्दल. ती कोलंबस शहरातल्या इस्पितळात पाच महिने होती. मी तिच्या खोलीतल्या खुर्चीवर असे. तिथे मुक्कामाला एकालाच परवानगी होती. कोरीन घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करते, ती पंच्याण्णव मैलांवर राहत होती. तिच्या कंपनीने कोलंबसला बदली द्यायचे कबूल केले होते. इस्पितळापासून दोन चौक सोडून एक भाड्याची जागाही होती. जागा कोरीनला मिळाली नाही, कारण तिचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीवरून माणसाची पत ठरवणारा आकडा, पाचशे एकसष्ट होता आणि त्यांना साडेसहाशे हवा होता. कायमचा पत्ता नाही म्हणून बदलीही राहिली.

तो पाचशे एकसष्ट का होता, तेही लिहितो. पाच वर्षांपूर्वी लुसीलचे पहिले ऑपरेशन झाले तेव्हा कोरीन बिनपगारी रजा काढून चार महिने आमच्याकडे राहिली. त्या चार महिन्यांत तिचे गाडीचे आणि कार्डाचे हप्ते चुकले. पुढे तिने व्याजासह सगळे फेडले. आम्हाला काही कळू दिले नाही. म्हणजे आईची सेवा केली म्हणून आकडा पडला, आणि आकडा पडला म्हणून आईची सेवा करू दिली नाही. माझ्या काउंटीत असा काटा कोणी ठेवला असता तर मी तो दुकानाबाहेर काढून ठेवला असता.

मी स्वतः कोरीनसोबत त्या भाड्याच्या कचेरीत गेलो. टेबलामागे केल्सी नावाची मुलगी होती. स्वभावाने वाईट नव्हती.

मी म्हटले, "मी जामीन राहतो. माझं स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे."

तिने माझे नाव टाकले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "सर, तुम्ही सिस्टिममध्ये दिसतच नाही."

"मी तुझ्यासमोर बसलोय."

"हो, ते दिसतंय मला. पण तुमचा आकडाच नाहीये. कमी आहे असं नाही, नाहीच आहे. तुम्ही कधी कर्ज घेतलं नाही का?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

ती कोरीनकडे वळली. "तुमच्या डॅडनी एखादं बुडवलेलं कर्ज जरी असतं ना, तरी काहीतरी दिसलं असतं."

मी सहा महिन्यांच्या भाड्याचा चेक आगाऊ देऊ केला. ती म्हणाली, नियम वरून येतात. वर कोण, हे तिलाही माहीत नव्हते. बाहेर आल्यावर कोरीन म्हणाली, "डॅड, तू भूत आहेस हे मला लहानपणापासून माहीत होतं. जेवणाच्या टेबलावर तासन्‌तास एक शब्द नाही." आम्ही दोघे हसलो. त्या पाच महिन्यांत तेवढेच हसलो.

नंतर मी रसेलला फोन केला. त्याचा आकडा आठशे बावीस आहे. हे काउंटीत सर्वांना माहीत आहे, कारण तो सांगतो. तो आकड्याची निगा लोक हिरवळीची राखतात तशी राखतो. एक जुने कार्ड आहे, ते मरू नये म्हणून दर महिन्याला त्यावर एक कॉफी घेतो. कॉफी त्याला आवडत नाही.

तो म्हणाला, "डॅड, मी जामीन राहिलो तर ते माझ्या नावावर दिसणार. मार्चमध्ये बोटीसाठी लोन घेतोय. दहा-बाराने जरी घसरला तरी व्याज वाढतं."

"तिला तुझ्या आईजवळ राहायचंय."

"मला काय वाईट वाटत नाही का? पण तिने हप्ते वेळेवर भरले असते तर आज ही वेळच आली नसती."

"तेव्हा ती तुझ्या आईला आंघोळ घालत होती."

तो म्हणाला, "आकडा कारणं विचारत नाही, डॅड. म्हणूनच तो सगळ्यांना सारखा. तुम्हीच नाही का सांगायचे, काट्यासमोर पाद्री आणि चोर एकच?"

मी हे सांगत असे, हे खरे आहे. त्या दिवशी मी फोन ठेवून दिला. उत्तर आता देतो. रसेल, काटा कारण विचारत नाही हे बरोबर. पण म्हणूनच त्याच्यावर काय ठेवायचे, हे माणसाने ठरवायचे असते. बँकेला कर्ज फिटेल की नाही हे पाहायचे असेल तर तिने हा आकडा पाहावा, माझी हरकत नाही. घरमालकाने, विमावाल्याने, नोकरी देणाऱ्याने त्यावर माणूस तोलू नये. आणि हा आकडा कसा काढतात ते कोणी दाखवत नाही, बाहेरचा कोणी आपली वजने घेऊन आत जात नाही. माझ्या तिन्ही नियमांना तो नापास आहे. अशा काट्यावर आठशे बावीस भरलास म्हणून तू छाती काढून चालतोस. तो काटा तुझ्याविषयी एवढेच सांगतो की तू कोणासाठी कधी हप्ता चुकवला नाहीस.

नऊ फेब्रुवारीला रस्त्यावर बर्फ होते. लुसीलने दुपारी तीनदा विचारले, "कोरीन निघाली का?" मी तिन्ही वेळा सांगितले, "निघाली." लुसील चारला दहा मिनिटे कमी असताना गेली. कोरीन साडेचारला पोचली. ती जागा मिळाली असती तर चालत सहा मिनिटे होती. मी घड्याळ लावून चाललो आहे.

त्यानंतरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला लुसीलची खुर्ची रिकामी असताना रसेलने टर्कीच्या ताटावरून फोन पुढे करून मला दाखवले की आकडा चारने वाढला आहे. मी त्याला बटाटे वाढले. तेव्हाच हे कलम मनात ठरले.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक रसेल व कोरीन यांना निम्मी निम्मी मिळावी. लुसीलची तशी इच्छा होती आणि मापात मी खोट करणार नाही.

कलम चौथे. माझी तपासणीची पितळी वजने, लाकडी पेटीतील एकतीस नग, गावच्या शाळेच्या विज्ञानाच्या वर्गाला द्यावीत. कपाटात बंद ठेवायची असतील तर देऊ नयेत.

कलम पाचवे. त्याच पेटीशेजारी कापडात गुंडाळलेले एक पाच पौंडी लोखंडी वजन आहे. ते रसेलला द्यावे. ते मी १९८१ साली एका पशुखाद्याच्या दुकानातून जप्त केले होते. खालून भोक पाडून आत बूच भरले होते आणि वरून रंग दिला होता. दिसायला सर्वात सुबक वजन तेच. मालक चर्चचा खजिनदार होता, बँकेत त्याला उठून खुर्ची देत. खटला संपल्यावर न्यायाधीशांनी ते मला आठवण म्हणून दिले. रसेलने ते बोटीवर ठेवावे. भार फारसा होणार नाही.

कलम सहावे. गाडी व तिचा विमा यांबद्दल. बावन्न वर्षांत मी गाडीला ओरखडा लागू दिला नाही. तरी लुसील गेल्यानंतर विमा माझ्या एकट्याच्या नावावर आला तेव्हा "आपली पत अपुरी आढळली" असे पत्र आले आणि हप्ता वाढला. त्या पत्राला मी लाल चिठ्ठी लावून फाइलमध्ये ठेवले आहे. गाडी कोरीनने घ्यावी. पत्र कोणी काढून टाकू नये.

कलम सातवे. इथे काही द्यायचे नाही, कबूल करायचे आहे. १९८८ साली लुसीलने एका मोठ्या दुकानाचे उधारीचे कार्ड घेतले होते. पडद्यांसाठी. मी ते स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले. ती एवढेच म्हणाली, "उद्या कोणी विचारलं, ही माणसं कोण, तर काय दाखवायचं?" मी म्हणालो, विचारणाऱ्याला घर दाखव. पस्तीस वर्षे मी त्या आकड्याची टर उडवली आणि तो नसण्याचा ताठा मिरवला. रसेल आकडा आहे म्हणून जामीन राहायला आला नाही. माझ्याकडे आकडा नव्हता म्हणून मी कामाचा ठरलो नाही. तिच्या लेकीची जागा आम्हा दोघांच्या ताठ्यात गेली. माझे मत बदललेले नाही, तो आकडा कवडीमोलाचाच आहे. पण पडदे घेऊ द्यायला हवे होते. ते कोरीनने माझ्याकडून मिळणाऱ्या पैशातून दिवाणखान्याला लावून घ्यावेत, लुसीलला हवे होते तसे, पिवळे.

कलम आठवे. कोरीनने वरची खोली कधी भाड्याने दिली तर येणाऱ्याला आकडा विचारू नये. त्याला समोर बसवून कॉफी द्यावी आणि बोलू द्यावे. ही अट नाही, विनंती आहे.

या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे काम मी कोरीनकडे देतो. तिच्याकडून कोणतीही हमी मागू नये.

बेल्डन, ओहायो. दिनांक १४ नोव्हेंबर २०२३.

(सही) ऑरिन डब्ल्यू. स्टॉफर

वरील सही आमच्या डोळ्यांसमोर झाली आहे. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.

साक्षीदार पहिली: (सही) विल्मा प्रॅट, शेजारीण, घर क्रमांक एकोणीस.

साक्षीदार दुसरा: (सही) आन्टन ह्रुस्का, मटणाचे दुकान, मुख्य रस्ता. वकील म्हणतात नुसती सही पुरे, पण मला लिहायचे आहे. मी या माणसाला एक्केचाळीस वर्षे ओळखतो. त्याने माझा काटा दोनदा लाल चिठ्ठी लावून बंद केला. दोन्ही वेळा काटा चुकीचाच होता. याचा आकडा काय, असे कोणी विचारले तर त्याला माझ्या दुकानात पाठवावे.