आधी छापलेली पट्टी

३ मार्च

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे, झोप सोडून. तुझी वहिनी म्हणते, अपिलाचा घोर सोडा आणि दोन घास नीट जेवा. पण घोर सुटत नाही. दोरा संपला की शिलाई मशीन थांबवणारी माझी पट्टी. पेटंट मिळालं तर ती माझी, नाहीतर शिलाई मशीनं बनवणारी कंपनी ती बिनदिक्कत बनवणार. आता कंपनीने एक छापील पान पुढे केलंय, माझ्या अर्जाच्या दोन वर्षं आधीचं. त्यात हीच पट्टी आहे. पान तू कामाला आहेस त्या कारखान्याच्या मासिकातलं, एवढंच वकीलबाई फोनवर बोलल्या. चित्र मी फक्त तुला पाठवलं होतं. तुझ्याकडून कोणी चोरलं ते शोध.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर दे.

१० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

चोर सापडला. मीच तो. तुझं चित्र बघून माझी छाती फुगली. मासिकवाल्याला म्हटलं, बघ आमच्या सातवी नापास दादाचं डोकं! त्याने तुझ्या नावानिशी छापलं. अंक तुला हातात द्यायचा होता, तेवढ्यात आई गेली आणि राहूनच गेलं. आपलंच आपल्याला आडवं येतं हे मला काय ठाऊक? माझी जबानी घ्यायला सांग. वहिनीला एवढ्यात कळवू नकोस, ती मला दारात उभं करणार नाही.

लोभ जमेल तेवढा ठेव.

२४ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

निकाल आला. अकरा पानं. पट्टी, स्प्रिंग, खाच, माझ्या दाव्यातला एकेक भाग त्यांनी मासिकातल्या चित्रात दाखवलाय. छापलेलं माझंच असलं तरी एकदा लोकांपुढे आलं ते नवं नाही, म्हणतात. अपील फेटाळलं. तुझ्या जबानीने काही झालं नसतं, बाईंना विचारलं मी.

तुझ्यावर रागवावं म्हणून खुर्चीत बसलो. राग आला नाही. मग दुरुस्तीला आलेलं एक मशीन उघडलं, तेल घातलं, बंद केलं. तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

कंपनीची नवी मशीनं आता दुरुस्तीला येतील. ती पट्टी कशी बसवायची हे शिकवायला सोमवारी त्यांचा माणूस येणार आहे. मी या म्हटलंय.

तुझा लोभ असू दे.

दादा