चार्टवरचा आकडा

१४ मार्च, सकाळचे साडेनऊ

प्रिय प्रश्नपत्रिका,

अनेक आशीर्वाद. वर्गानं तुला ठेवलेलं हे नाव मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. मला तुम्ही ‘इस्त्री’ म्हणायचात, तेही ठाऊक होतं.

दवाखान्यातून घरी येऊन बारा दिवस झाले. गोळ्या वेळेवर घेते. भाचा दोन वेळा गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणतो आणि जिना चढताना मागून हात धरून येतो, जशी काही मी काचेची बरणी.

जबडा दुखणं, घाम, मळमळ. पस्तीस वर्षं नर्सिंगच्या तुम्हा मुलींकडून हार्ट अटॅकची हीच लक्षणं घोकून घेतली आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ‘पित्त’ म्हणून मोकळी झाले. वर तोंड धुतलं, केस विंचरले, कपडे बदलले आणि मग भाच्याला हाक मारली. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर?

भेटलीस तूच. शेजारच्या बाकावर हात मोडलेला एक गडी सगळा दवाखाना डोक्यावर घेत होता. तू त्याच्याकडे एक नजर टाकलीस आणि सरळ माझ्याकडे आलीस, कारण मी गप्प होते. माझं नाव लिहून व्हायच्या आत ईसीजीचा कागद तुझ्या हातात होता. मी तुला ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

तरुण डॉक्टर आले. हार्ट अटॅक आहे म्हणाले, जिभेखाली गोळी ठेवायला सांगितली. तू गोळीला हातच लावला नाहीस.

“सर, प्रेशर नव्वद आहे, मानेच्या शिरा फुगल्यात. आधी उजव्या बाजूचा ईसीजी काढू या. तोवर मी गोळी देत नाही.”

ते वैतागले, वेळ घालवू नका म्हणाले. तू आवाज चढवला नाहीस की मान खाली घातली नाहीस. तेच पुन्हा तसंच्या तसं सांगितलंस आणि तोवर तुझे हात तारा उजवीकडे लावत होते. नवा कागद पाहून त्यांनीच गोळी थांबवली आणि सलाईन सुरू करायला सांगितलं. झटका हृदयाच्या उजव्या भागाला बसला होता. त्या गोळीनं माझं उरलंसुरलं प्रेशरही गेलं असतं.

पुढचं मला आठवत नाही, भाचा सांगतो. लिफ्टपाशी माझं हृदय थांबलं. तू सगळ्यांना मागे सारलंस, शॉक दिलास, छाती दाबायला लागलीस. मी परत आले. नंतर तू त्याला खुर्चीवर बसवून काय झालं ते सोप्या शब्दांत सांगितलंस. ती घाबरली नव्हती का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, घाबरली असणार, पण ते हातांना कळू द्यायचं नसतं. ती माझी विद्यार्थिनी, हे शेजारच्या पाच घरी सांगून झालंय. भाजीवाल्यालासुद्धा. मला तुझा फार अभिमान वाटतो गं.

पण अर्धीच गोष्ट सांगते मी सगळ्यांना.

घरी सोडताना तू कागद घेऊन आलीस. अतिदक्षता विभागाच्या वरच्या कोर्सला का जात नाही, असं भाच्यानं सहज विचारलं. दोनदा अर्ज केला, जुन्या शेऱ्यामुळे परत आला, असं तू माझ्याकडे न बघता म्हणालीस. मी पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

तो शेरा माझ्या अक्षरातला आहे. परीक्षेला बाहेरून आलेले मोठे डॉक्टर प्रत्येकीला सांगत होते, खाटेवरच्या बाहुलीला हीच गोळी द्या. एकवीस जणींनी दिली. तू चार्ट वाचलास, प्रेशर ऐंशी पाहिलंस आणि देणार नाही म्हणालीस. चार्ट त्यांनीही पाहिला नव्हता. ते लाल झाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ‘परीक्षकांची आज्ञा मोडली’ असं लिहून तुला नापास केलं. तुझे सहा महिने गेले.

बाईंच्या ध्यानात आलं नसेल, असं तू इतकी वर्षं समजत असशील. तसं नाही. तो आकडा मीच लिहिला होता. बावीस जणींत कुणाच्या लक्षात येतो ते बघायला, मुद्दाम. तुझ्या एकटीच्या आला. आणि त्याच आठवड्यात माझी बढती ठरायची होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

काल नर्सिंग स्कूलमध्ये जाऊन हे सगळं लिहून दिलं. प्राचार्य म्हणाल्या, या वयात कशाला, तुमचंच नाव खराब होईल. होऊ दे म्हटलं. शिक्क्याची प्रत सोबत आहे, अर्जाला जोड. मी तुझी माफी मागते. ती द्यायची की नाही, ते तू ठरव.

तुझा निकाल नऊ वर्षं उशिरा लावते आहे. उत्तीर्ण. वर्गात पहिली.

तुझी,
त्या परीक्षेत नापास झालेली,
बाई