समुद्रातली विहीर आणि माझं सलून

४ जून
सासरेबुवा आठवडाभर धाकट्या मेहुणीकडे गेले. जाताना सलूनची किल्ली हातात ठेवून म्हणाले, जावईबापू, परत येईपर्यंत गिऱ्हाइकं टिकवलीत तर दुकान तुमच्या नावावर करतो. म्हणजे झालंच समजायचं! त्यांच्या हाताखाली उभं राहून राहून पाय सुजलेत माझे.

५ जून
टीव्हीवर बातमी. समुद्राच्या तळाशी तेलाची विहीर फुटलीय, तेल थांबता थांबत नाही. इंजिनिअर लोकांनी हात टेकले. कंपनीने जनतेकडून उपाय मागवलेत. तेव्हा माझा हात एका तेलकट डोक्यावर होता. केस तेल धरून ठेवतात! भोकात केस कोंबायचे, विषय संपला. ताबडतोब ईमेल टाकला.

६ जून
भोक मोठं, माल कमी. यापुढे गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही, जगाचं बघायचं. बँकेतले साहेब फक्त कानावरचे काढा म्हणाले. मी सरळ मशीन फिरवलं. आरशात बघितलं आणि सुटे पैसे न घेताच निघून गेले. भारावले असावेत.

८ जून
गिऱ्हाईक नाही. साहजिक आहे, इतकं बारीक कापल्यावर माणूस लगेच कशाला येईल? बायको म्हणाली, समोरच्या सलूनमध्ये रांग लागलीय. म्हटलं, त्याचं काम कच्चं, लोकांना सारखं जावं लागतं. तिने कपाळावर हात मारला.

९ जून, दुपार
दुकान मोकळंच, म्हणून प्रयोग. बेसिन म्हणजे समुद्र, त्याचं भोक म्हणजे विहीर. विहिरीतून तेल वर येतं आणि बेसिनमधून पाणी खाली जातं, पण शास्त्रात दिशेला एवढं महत्त्व नसतं. केस गच्च कोंबले, वरून मालिशचं तेल. एक थेंब गेला नाही! नळ चालूच ठेवून कंपनीला फोन लावायला बाहेर गेलो. त्यांनी नुसतं गाणं ऐकवलं.

९ जून, संध्याकाळ
प्रयोग अपेक्षेपेक्षा यशस्वी. पाणी दुकानभर, शेजारच्या शिंप्याच्या कापडापर्यंत. तो नाही नाही ते बोलला. विज्ञानाची आवडच नाही लोकांना. भोक अजून उघडत नाही. अहो, तोच तर मुद्दा आहे!

१० जून
शिंप्याने सासरेबुवांना फोन केला. चुगलखोर.

११ जून
सासरेबुवा हजर. कंपनीचंही उत्तर आलं: विहीर सिमेंटने बुजवली, आभारी आहोत. कल्पना माझीच, फक्त माल बदलला.
सासरेबुवा ओल्या दुकानात उभे राहिले. किल्ली माझ्याकडून घेतली आणि बायकोच्या हातात दिली. दुकान तिच्या नावावर. मी म्हटलं, घरातच राहिलं, एकच की. बायको म्हणाली, एकच कसं? आधी समोर जा आणि हात जोडून आपली गिऱ्हाइकं परत आणा.
गेलो. बाकावर सगळी आपलीच माणसं. कोणी वर बघेना. फार वाईट वाटलं. बोलायचा धीर होईना, म्हणून गुपचूप शेवटी बसलो. नंबर आला. नाही म्हणवेना, केस कापून घेतले.
चांगले कापतो लेकाचा.