मागची खोली आणि माझे कान

द्वारका, नाशिक
सोमवार, १२ जानेवारी

प्रिय तृप्ती,

पाकीट बघून घाबरशील म्हणून आधीच सांगतो, आई ठणठणीत आहे, मी दोन्ही वेळचं जेवतो आहे आणि आपल्या टेम्पोनेही अजून मान टाकलेली नाही. आजकाल बापाने कुरिअरने पत्र पाठवलं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं तुला वाटणारच. बिघडलंय खरं, पण ते मला सावकाश सांगू दे. पूर्ण वाचल्याशिवाय आईला फोन करू नकोस.

आपल्या साऊंडच्या गोडाऊनमध्ये बसून लिहितोय. तुमचा तालमीचा कोपरा अजून तसाच ठेवलाय, ड्रमवर फक्त जुनी चादर टाकलीय. परवा अरफा आणि फराज आले होते. अरफा ड्रमपुढे बसली, पण काठ्यांना हात लावला नाही. फराजने बेस गिटार खोळीतून काढलीच नाही. निफाडला एका द्राक्षबागेत फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी कार्यक्रम आहे, त्यांना तुमचाच बँड हवाय आणि रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. अरफा म्हणाली, "काका, तृप्ती नसंल तर आम्हीपण नाय. दुसरी कुणी गाणार असंल तर बँडचं नाव बदला." तू तिला फोनवर सांगितलंस म्हणे, की माझा आवाज गाण्याचा नाहीच, लोकांनी कानात बोटं घातली ते मी विसरणार नाही. नऊ महिने तू बाथरूममध्येसुद्धा गुणगुणली नाहीस. हे ऐकलं म्हणून आज कागद घेऊन बसलो.

तुम्ही बँड काढलात तेव्हा मी किती हसलो होतो, आठवतं? नाव काय, तर 'मागची खोली'. मी म्हटलं, अगं, तुफान ठेवा, वादळ ठेवा, मागची खोली म्हणजे भाड्याने द्यायचीय असं वाटतं! मला माहीत ती वरातीची गाणी. पहिल्या ठोक्याला माणूस उठून नाचला पाहिजे, नाहीतर साऊंडवाल्याला शिव्या. आणि तुमचं हे असं. गिटार घरातल्या फ्रिजसारखी मागे घुमतेय, अरफा नऊ ठोके राखून दहावा मारतेय आणि तू गातेस ती कुणाला ऐकवायला नाहीच, घरात कुणी नसताना भांडी घासणारी बाई गुणगुणते तशी. टाळी कुठे वाजवायची तेच कळेना. पण एकदा तुमची तालीम चालू असताना मी वायरी गुंडाळत होतो आणि वायर हातात तशीच राहिली. रडू आलं नाही. रडून झाल्यावर तोंड धुतलं की कसं वाटतं, तसं वाटलं. तीस वर्षं मी लोकांना नाचवलं, मला असं गप्प कुणी बसवलं नव्हतं.

ती निफाडची चष्मेवाली पोरगी आठवते ना, दर कार्यक्रमाला एसटीने यायची आणि स्पीकरला टेकून डोळे मिटून उभी राहायची? एकदा मी तिला विचारलं, बाळ, तुला यात एवढं काय आवडतं? ती म्हणाली, "काका, घरी सगळे कायतरी विचारतात. मार्क किती, पुढं काय, स्थळ कधी बघायचं. ही ताई काहीच विचारत नाय. नुसती शेजारी येऊन बसते." मी हे तुला कधी सांगितलं नाही. तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात, असं आपल्याकडे म्हणतात. आता वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं.

मग एप्रिलमधला तो गंगापूर रोडच्या लॉनवरचा कार्यक्रम. मिक्सरवर अर्थातच मी. पहिलं गाणं लोकांनी कसंबसं ऐकलं. दुसऱ्यापासून तोंडं वाकडी व्हायला लागली. माईकने दोनदा शिट्टी मारली. पुढच्या खुर्चीवरच्या बाईने पोराचे कान झाकले. तू चार गाणी गायलीस आणि पाचवं अर्ध्यात सोडून मागे निघून गेलीस. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, त्याखाली 'कर्कश' काय, 'पत्र्यावर खिळा' काय, वाट्टेल ते लिहिलं. तू तो व्हिडिओ किती वेळा बघितलास ते मला माहीत आहे, कारण मी पलीकडच्या पलंगावर जागा होतो. जूनमध्ये तू पुण्याची नोकरी धरलीस. गिटार कपाटावर आहे. आई दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसते.

आता घरची बातमी. दिवाळीनंतर एकदा आई अंघोळीला जाताना म्हणाली, तीन शिट्ट्यांनी गॅस बंद करा. मी स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसलो. एकही शिट्टी झाली नाही. वरणाचा कोळसा झाला तरी झाली नाही. आई ओल्या केसांनी धावत आली, "अहो, सात झाल्या! मला बाथरूममध्ये ऐकू आल्या!" मी कुकरलाच नावं ठेवली. दारावरच्या चिमणीच्या आवाजाच्या बेललाही ठेवली, कारण ती म्हणे वाजते आणि मी उठत नाही. शेवटी आईने हाताला धरून मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथे एका बंद खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. तिथली मॅडम म्हणजे तुझ्याच वयाची पोरगी. म्हणाली, आवाज आला की दाबा. आधी जाड आवाज आले, मी रुबाबात पटापट दाबले. मग शांतता. बराच वेळ शांतता. मी हेडफोन काढून तिला म्हटलं, मॅडम, तुमची वायर सुटलीय, जॅक काढून परत बसवा, मी तीस वर्षं हेच करतोय. नाचता येईना अंगण वाकडं! ती माझ्याकडे बघतच राहिली. वायर सुटलेली नव्हती, तृप्ती. तो सगळा वेळ ती आवाज देत होती. मग तिने कागदावरची रेघ दाखवली. सरळ जाते, जाते आणि मग कसारा घाट उतरल्यासारखी खाली. बारीक आवाज सगळे गेलेत. पाखरं, शिट्ट्या, स आणि श, बायकांच्या आवाजातली धार. म्हणाली, हे एका दिवसाचं नाही काका, तीन-चार वर्षांपासूनचं असणार. आईला मी शपथ घातली की तृप्तीला मीच सांगेन, आणि सांगायला दोन महिने लावले.

तुझ्या लक्षात आलं असेल. त्या दिवशी लॉनवर मला तुझा आवाज गोधडीतून आल्यासारखा येत होता. वाटलं, पोरगी घाबरून दबक्या आवाजात गातेय. म्हणून ट्रेबल वाढवला, आवाजाला धार आणली. तरी येईना, आणखी वाढवला. मला तू ऐकू येईपर्यंत वाढवत गेलो, आणि मला जेवढं ऐकू आलं तेवढं लोकांना सोसवेना. फराज सुरुवातीलाच म्हणाला होता, "काका, आवाज लय टोचतोय." मी त्याच्यावर खेकसलो, तू बेस वाजव, मिक्सर माझ्यावर सोड. आणि खरं सांगू, मला तेव्हाही शंका होती. गोडाऊनच्या पत्र्यावरची पाखरं माझ्यापुरती त्याच्या आधीच गप्प झाली होती. पण साऊंडवाल्याचे कान गेले म्हटल्यावर त्याला कोण बोलावणार? मी ते झाकून ठेवलं. परतताना टेम्पोत तू विचारलंस, पप्पा, माझा आवाज खरंच असा आहे का? मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, गळा बसला असेल बाळा, होतं असं कधी कधी. तुझा गळा बसलेला नव्हता. मी माझी चूक तुझ्या गळ्यात घातली आणि तू ती घेऊन पुण्याला गेलीस. याची मला फार लाज वाटते.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं? कारण फोनवर आता मला तुझं बोलणं कळत नाही. नुसती कुजबुज येते, शब्द लागत नाहीत. मी आपला हं, हं करतो, जेवलीस का विचारतो आणि फोन आईकडे देतो. तू तिला विचारलंस म्हणे, गाणं सोडलं म्हणून पप्पा माझ्यावर रागावलेत का? नाही गं. मला तू ऐकू येत नाहीस, एवढंच आहे. या महिन्यात कानाला मशीन बसेल. बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं यायचं नाही, असं मॅडमनी सांगितलंय. म्हणजे मला तुझं जेवढं ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालंय. पण त्या चष्मेवाल्या पोरीचे कान शाबूत आहेत. रविवारच्या आत अरफाला हो म्हण. मिक्सरवर मालेगावचा हुजैफा बसेल, त्याचे कान तरुण आहेत आणि तो कुणी टोकलं तर ऐकतो. मी पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीत बसेन. अरफाचा ठोका आणि फराजचा बेस मला छातीत कळतो, बाकी तुझ्या तोंडाकडे बघत राहीन. फक्त सगळ्या गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरात लिहून पाठव, इतकी वर्षं मी मिक्सरवरचे काटे बघत बसलो, शब्द कधी नीट ऐकलेच नाहीत. आणि नाहीच यायचं असेल तर नको येऊस, पण आवाजाचं कारण सांगू नकोस. तुझा आवाज चांगलाच होता. उत्तर लिहूनच पाठव.

तुझाच,
पप्पा