बिनतेलाचं पेट्रोल

सांगली, ८ जानेवारी १९७६

तीर्थस्वरूप मामांस कृष्णातचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

कॉलेज सोडलं, हे आईनं कळवलंच असेल. सरांशी वाजलं, वही तिथंच टाकून आलो. दिवाळीनंतर तुमची लष्कराच्या लिलावातली इंजिनाची करवत दुरुस्तीला आणली होती, ती एका मिस्त्रींच्या शेडमध्ये उघडलीय. मीही तिथंच काम धरलंय. सिलिंडर पॉलिश पेपरनं घासला, जाम पिस्टन आता हलतो. साखळीचे दात गोल कानशीनं लावतोय. बोटं सोलून निघाली. अंजना बरी आहे ना? सहज विचारलं.

रागावलात तरी दूर लोटू नका.
आपला, कृष्णात

कोरेगाव, १५ जानेवारी

चि. कृष्णात यास लालासाहेब मामाचे आशीर्वाद.

कालिज सोडलंस, लय दिवे लावलेस. पण करवत जोडतोयस हे वाचून छाती फुगली बघ. फौजेत असली पोरं आमी हुडकत फिरायचो. मिस्त्री कोण ते लिवलं न्हाईस. चांदसाहेब नसला म्हंजे झालं. तीस वर्षांची दोस्ती, अन् साफ करायला दिलेली करवत त्यानं बिघडवून दिली! भर बाजारात त्याला बोललो त्याचं मला काय वाटत न्हाई. खोट होती म्हणूनच दुकान बंद करून गाव सोडला.

अन् 'सहज' काय रं? आमाला काय डोळे न्हाईत? अंजनाला बघून गेलेल्या कराडच्या पाहुण्यांना न्हाई म्हणून कळवलंय. करवत सुरू करून आण, मग तुझ्या आईसंगं बोलतो. मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचाच.

जपून ऱ्हा.
लालासाहेब

सांगली, २ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामा, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पंधरा दिवस खिशात आहे. करवत सुरू झाली. मिस्त्री म्हणजे चांदसाहेब चाचाच. मी त्यांना शोधूनच इथं आलो.

दिवाळीत मी तुमच्याकडे असताना कराडचे पाहुणे अंजनाला बघायला आले, तेव्हा माझं डोकं फिरलं. तुम्ही त्यांना एस्टीवर सोडायला गेलात, तशी चाचांकडून नुकतीच साफ होऊन आलेली करवत उचलली, डब्यातलं पेट्रोल तसंच ओतलं आणि मागची पडलेली बाभूळ कापत सुटलो. पेट्रोलात तेल मिसळायचं असतं, ते तुम्हीच शिकवलं होतं. दहा मिनिटांत इंजिन किंचाळून अडकलं. करवत गुपचूप परत पोत्यात घालून ठेवली. चार दिवसांनी तुम्ही बाजारात चाचांना बोलत होता, तेव्हा मी तिथंच उभा होतो. बोललो असतो तर अंजना हातची गेली असती.

काल चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. पेट्रोलाचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, आता तेल तुझ्या हातानं मिसळ. मी मापानं तेल ओतलं.

अंजनाचं काय ते तुम्ही ठरवा. पण आधी चाचांना लिहा.

माया मागायचं तोंड नाही.
कृष्णात

कोरेगाव, ११ फेब्रुवारी

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

पत्र वाचून तुला फोडून काढावं वाटलं. पेट्रोल तू ओतलंस, पण जीभ माझी व्हती. ती तुझ्या नावावर कशी घालू?

परवा एस्टीनं सांगलीला आलो व्हतो. शेडच्या दारातनं चांदसाहेब पाठमोरा दिसला. खांदे लय उतरलेत रं त्याचे. हाक न्हाई मारली. तसाच माघारी आलो. त्याला सांग, लाला रविवारी पुन्हा येणार हाय. हाकलायचं तर हाकल म्हणावं, पण मला दारातनं फिरू देऊ नको.

अंजनाला तुझं पत्र दिलं. तुझं मत काय म्हणून इचारलं, तर उठून आत गेली. आता तिच्या वतीनं मी व्हय म्हणणार न्हाई, अन् न्हाई बी म्हणणार न्हाई. ती लिवंल, न्हाईतर न्हाई लिवणार. वाट बघ.

तुझाच, मामा