सोफा पाठवू नकोस

प्रिय टिल्लू,

तू पाठवलेले सोफ्यांचे फोटो पाहिले. राखाडी चांगला आहे, पण तो मळखाऊ म्हणून चांगला. तुझा जीव पिवळ्यावर आहे, हे मला लगेच कळलं, कारण त्याचे फोटो तू सगळ्या बाजूंनी पाठवलेस. तिथे शिकवून साठवलेल्या पैशांतून पहिली मोठी वस्तू घ्यायची ती घरासाठी, आणि इथल्या दुकानात परस्पर पैसे भरून ती आमच्या दारात उतरवायची, हे वाचून मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसल्या बसल्या डोळे पुसले. समोरचे आजोबा घाबरून म्हणाले, ताई, माझ्या केसपेपरात एवढं वाईट काय लिहिलंय? मग हसूही आलं. तरी सांगते, सोफा पाठवू नकोस. पिवळाही नको, राखाडीही नको. फोनवर सांगितलं असतं तर तू 'का' म्हणून विचारलं असतंस, आणि बाबा शेजारी असताना मला ते सांगता आलं नसतं. म्हणून लिहायला बसले.

तो निळा सोफा तू विसरली नसशील. तिकडच्या विद्यापीठानं तुझी फी माफ केली होती, पण राहण्याजेवण्याचं आणि प्रवासाचं आपल्यालाच बघायचं होतं. त्यासाठी तू इथल्या एका ट्रस्टकडे मदत मागितलीस. मुलाखत छान झाली. राहिलं होतं ते फक्त घर बघणं. ट्रस्टच्या बाई येणार, परिस्थिती खरोखरच बेताची आहे ना ते डोळ्यांनी पाहणार, की झालं. आणि आदल्या दिवशी बाबांच्या डोक्यात काय यावं! दुकानात एका गिऱ्हाइकाचा सोफा नुकताच शिवून झाला होता, निळ्या मखमलीचा. तो त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणला. म्हणे, परदेशी शिकायला निघालेल्या मुलीचं घर आहे, बाईंना काय डुगडुगत्या खुर्चीवर बसवू? समोरच्या घड्याळवाल्या काकांना हाताशी घेऊन, भिंतीचा रंग खरवडत, त्यांनी तो जिन्यातून वर चढवला. काका म्हणाले, अहो, मदत मागायची आहे की मुलगी दाखवायची आहे? बाबांनी ऐकलं नाही. मी तरी कुठे शहाणी? मीही शेजारून चांगल्या कपबशा मागून आणल्या. तू कागदांच्या प्रती काढून परत आलीस, तेव्हा बाई मखमलीवर बसून चहा पीत होत्या आणि बाबा हात चोळत उभे होते. बाईंनी सोफ्यावरून हात फिरवला आणि छान आहे म्हणाल्या. बाबा इतके फुलले की हा गिऱ्हाइकाचा आहे, मी नुसता शिवलाय, एवढं सांगायचंही त्यांना सुचलं नाही.

नकार आला. याहून गरजू मुलं आहेत, असं कळवलं. त्यात बाईंचं तरी काय चुकलं? त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. तू तडक दुकानात गेलीस, तुझ्या मागोमाग मी. बाबा एका खुर्चीच्या पाठीवर कापड ठोकत होते. तू म्हणालीस, गरीब दिसायची एवढी लाज वाटत होती तर मला शिकवलंत कशाला? तुमच्या मानापायी माझं वर्ष गेलं. ते गप्प. मग तू माझ्याकडे वळून म्हणालीस, बघ, यांना काही वाटतसुद्धा नाही. टिल्लू, त्यांच्या तोंडात खिळे होते गं. बारीक खिळे ओठांत धरूनच ते काम करायचे, लहानपणी तूच त्यांना साळिंदर म्हणायचीस. ते एकेक खिळा काढून तळहातावर ठेवत होते. सगळे निघेपर्यंत तू रस्त्याच्या टोकाला पोचली होतीस. तळहात तसाच धरून ते कितीतरी वेळ दारात उभे होते.

पुढच्या वर्षी तू सगळं पुन्हा केलंस. तेच निबंध, त्याच शिफारशी, तीच वाट पाहणं. या वेळी अशी शिष्यवृत्ती मिळवलीस की सगळा खर्च त्यातच, कुणी घर बघायला येण्याचा प्रश्नच नाही. मात्र तिकडच्या ज्या प्राध्यापक बाईंकडे तुला पुलांच्या भेगांचं शिकायचं होतं, त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्याबद्दल तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. विमानतळावर बाबांनी तुझी बॅग उचलली, ती तू त्यांच्या हातातून काढून घेतलीस. बॅग जड होती म्हणून असेल, असं मी त्यांना परतताना सांगितलं. शिष्यवृत्तीत भाडं एकदा जाण्याचं आणि एकदा शिक्षण संपल्यावर परतीचं, त्यामुळे मधे तुझं येणं झालंच नाही. फोनवर तू 'बाबा कुठेत?' विचारतेस, मी 'दुकानात' म्हणते, आणि आपण दोघी पुढच्या विषयाकडे वळतो.

दुकान बंद होऊन वर्ष होत आलं. एका खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी एकाच बाजूला बसवले होते. गिऱ्हाईक हसलं, बाबाही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत. नंतर एकदा दुकानाचा रस्ताच सापडेना. आमच्या डॉक्टरांनी तपासलं. विसरणं आता वाढत जाणार, म्हणाले. तुझी शेवटची परीक्षा तोंडावर होती, आणि गुण घसरले तर शिष्यवृत्ती जाते हे तूच सांगितलेलं. मी गप्प बसले. मी दवाखान्यात असते तेव्हा घड्याळवाले काका आपली हत्यारं घेऊन इकडेच येऊन बसतात.

आणि मग बाबा घर रिकामं करायला लागले. आधी वाटलं, झाडायला म्हणून खुर्च्या गॅलरीत नेताहेत. मग टेबल गेलं, भिंतीवरचं घड्याळ गेलं, पडदे उतरले. काका आणि मी संध्याकाळी सगळं आत आणतो, सकाळी ते पुन्हा बाहेर नेतात, पाठ धरली तरी थांबत नाहीत. एकदा मी चहा गाळत होते, तर येऊन माझ्या हातातला कप काढून घेतला. म्हणाले, हा नको, कान तुटलेला काढ, त्या येतीलच एवढ्यात. कोण, म्हणून विचारलं. माझ्याकडे असं बघितलं, जणू विसरायला मलाच झालंय. म्हणाले, अगं, ट्रस्टच्या बाई. पोरीच्या पैशांचं बघायला.

तेव्हापासून मी सामान आत आणणं सोडलंय. आम्ही खालीच बसतो, खालीच जेवतो. पैसे कधीच मिळाले, ती कधीच गेली, पहिल्या वर्गात पास झाली, असं मी रोज सांगते. काकाही सांगतात. बाबा मान हलवतात आणि पुन्हा दाराकडे बघतात. आमचं त्यांना पटत नाही, आम्ही घरचेच ना. म्हणून सोफा नको, ते पैसे तिकिटाला लाव आणि पदवीचा कागद हातात पडून परतीचं भाडं मिळण्याची वाट न बघता ये. आजकाल दारात कुणीही बाई आली की त्यांना ट्रस्टच्याच बाई वाटतात. तुलाही ओळखणार नाहीत, टिल्लू. तुला अहो म्हणतील. हात चोळत उभे राहतील आणि म्हणतील, बसायला काही नाही बघा आमच्याकडे, पण मुलगी फार हुशार आहे. तेव्हा 'मी आहे, बाबा' असं म्हणू नकोस, रडूही नकोस. खाली फरशीवर बस. खोली नीट बघून घे, आणि मग त्यांना सांग, पैसे मंजूर झाले. तू बाहेरून येशील. तुझं ऐकतील.

तुझीच,
आई